नियत आणि खुशू : नमाज, रोजा, जकातीबद्दल मुंबईत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत एकाच इमारतीत दोन मजहबांची, म्हणजे इस्लामी कायद्याच्या दोन परंपरांची, घरं असतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, बाकीचे बरेचसे हनफी. नियतेच्या बाबतीत या दोघांत काही ठिकाणी खरा फरक आहे. शेजाऱ्याचं बघून आपलं चुकतंय असं वाटण्याचं ते एक मोठं कारण आहे. म्हणून खाली जिथे फरक आहे तिथे दोन्ही मतं दिली आहेत. जिथे काही लिहिलेलं नाही तिथे दोघांचं एकमत समजावं.

नियत म्हणजे नेमकं काय?

एखादं काम आपण का आणि कुणासाठी करतोय याचा मनातला निश्चय. तिची जागा काळजात आहे, जिभेवर नाही. "कर्मं नियतेवर अवलंबून आहेत, आणि माणसाने जी नियत केली तेच त्याला मिळेल" ही हजरत उमर (रजि.) यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी शरीफ या हदीस-संग्रहात सगळ्यांत पहिली आहे.

नियतेची दोन कामं असतात आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. पहिलं काम ओळख पटवणं : अंघोळ आणि गुस्ल (पाकीसाठीचं विधिवत स्नान) दिसायला सारखेच, जोहरच्या (दुपारच्या नमाजेच्या) चार रकाती (फेरे) आणि असरच्या (उतरत्या दुपारच्या नमाजेच्या) चार रकातीही सारख्याच. कोणती कुठली, हे नियत ठरवते. दुसरं काम दिशा देणं : हे अल्लाहसाठी आहे की लोकांसाठी. पहिलं बिघडलं तर इबादत होतच नाही. दुसरं बिघडलं तर वरून सगळं नीट दिसतं आणि आतून पोकळ असतं. पहिल्याला फिक्हची (धर्मकायद्याची) पुस्तकं नियत म्हणतात, दुसऱ्याला इखलास (मनाचा निखळपणा).

नियत तोंडाने म्हणावीच लागते का? मराठीत केली तर चालते का?

म्हणावी लागत नाही. पैगंबर (स.) किंवा सहाबा (त्यांचे साथी) नमाजेपूर्वी नियतेची वाक्यं म्हणत असल्याचं हदीसमध्ये आलेलं नाही. शाफई उलमांनी (धर्मपंडितांनी) तोंडाने म्हणणं पसंत केलं, नंतरच्या अनेक हनफी उलमांनीही केलं, पण केवळ मन जागेवर यावं म्हणून. "उसल्ली फर्दस्सुब्ह..." किंवा "नियत की मैंने दो रकात नमाज फर्ज..." ही दोन्ही त्या जातीची मदत आहे, नमाजेचा भाग नाही.

मनाला भाषा लागत नाही, त्यामुळे "ही आजची फजरची फर्ज", म्हणजे पहाटेची सक्तीची नमाज, एवढं मराठीत मनात आलं की झालं. लहान मुलांना अरबी वाक्यं पाठ होईपर्यंत नमाजेला थांबवून ठेवण्याची गरज नाही.

नमाजेच्या नियतेत किमान काय असायला हवं?

फर्ज नमाजेसाठी शाफई मजहबात तीन गोष्टी : नमाज पढतोय हा इरादा, कोणती नमाज ते, आणि ती फर्ज आहे हे. हनफी मजहबात "आजची जोहरची फर्ज" एवढं पुरेसं आहे. रकातींची संख्या, किब्ल्याकडे (मक्केतल्या काबेच्या दिशेला) तोंड असल्याचा उल्लेख, "वास्ते अल्लाह तआला के" हे शब्द, यातलं काहीही कुठल्याच मजहबात अट नाही. जमातीत उभे असाल तर इमामाच्या मागे असल्याची नियतही हवी. उशिरा धावत येणारे नेमकं हेच विसरतात.

वेळ मात्र वेगळी. शाफई : नियत तकबीर-ए-तहरीमाच्या, म्हणजे पहिल्या "अल्लाहु अकबर"च्या सोबत मनात असली पाहिजे. हनफी : थोडी आधी केली तरी चालते, मध्ये नमाजेशी संबंध नसलेलं काम आलं नाही म्हणजे झालं. घरातून "इशाला (रात्रीच्या नमाजेला) चाललो" म्हणून निघालात, वाटेत गप्पा मारत बसला नाहीत, थेट सफेत (रांगेत) उभे राहिलात, तर हनफी मतानुसार तीच नियत पुरेशी आहे.

तकबीरच्या वेळी अडकायला होतं. नियत नीट जुळली नाही असं वाटून पुन्हा पुन्हा हात उचलावे लागतात.

हा त्रास शाफई घरांत जास्त दिसतो, कारण "तकबीरसोबत नियत" हे शिकताना कुणीतरी तिचा अर्थ फार बारीक करून सांगितलेला असतो : अलिफवर इरादा, लामवर नमाजेचं नाव, काफवर फर्ज. असं करणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. इमाम गजाली आणि इमाम नववी हे दोघेही शाफईच, आणि दोघांनीही सांगितलं की लोकव्यवहारात ज्याला "सोबत" म्हणतात तेवढं पुरे : तकबीर म्हणताना आपण कोणती नमाज सुरू करतोय हे ध्यानात असलं की झालं.

एक साधी कसोटी. हात उचलायच्या क्षणी कुणी खांद्यावर हात ठेवून "काय करतोयस?" असं विचारलं आणि न अडखळता "असर पढतोय" हे उत्तर निघालं, तर नियत झालेली आहे. पुन्हा हात उचलू नका. तिसऱ्या-चौथ्या तकबीरपर्यंत इमाम रुकूत (कमरेतून झुकण्यात) जातो, रकात हातची जाते, आणि शेजारच्याचंही लक्ष उडतं.

मनात जोहर होती, तोंडातून असर निघालं. आता?

मनातली धरली जाते. नमाज झाली.

नमाज सुरू असताना "सोडून देऊ का" असं मनात आलं तर?

इथे शाफई मत कडक आहे : नमाज तोडायचा खरा इरादा झाला, किंवा तोडू की नको अशी खरी दुविधा झाली, तरी नमाज तुटते. हनफी मतात केवळ विचाराने तुटत नाही, कृती लागते. आपोआप डोक्यात येऊन जाणारा विचार म्हणजे इरादा नव्हे, हे शाफई उलमांनीही स्पष्ट केलंय.

पावसात पूर्ण भिजलो. वुजू झाला का?

दादरला उतरून घरी पोहोचेपर्यंत जुलैत हे कुणाचंही होऊ शकतं. हनफी मजहबात वुजूचे (नमाजेपूर्वी हात-तोंड-पाय धुण्याचे) फर्ज चार : चेहरा, कोपरांसह हात, डोक्याच्या चौथ्या हिश्श्याचा मसह (ओला हात फिरवणं), घोट्यांसह पाय. नियत सुन्नत आहे (चांगली, पण सक्तीची नाही). त्यामुळे चारही भागांवरून पाणी वाहिलं असेल, डोकं ओलं झालं असेल, तर वुजू झाला. त्या वुजूने नमाज होईल, पण इबादत म्हणून त्याचा सवाब (पुण्य) नाही, कारण ती करायची म्हणून केलेलीच नव्हती. शाफई मजहबात फर्ज सहा : हे चार (डोक्याचा थोडा भाग पुरतो), शिवाय नियत आणि क्रम. नियत चेहऱ्यावर पाणी घेताना हवी. म्हणून नियत नसताना भिजलेल्या शाफईला वुजू करावाच लागेल.

तयम्मुममध्ये (पाणी नसताना मातीने केलेल्या पाकीत) नियत दोन्हीकडे फर्ज आहे. मातीला हात लावण्यात स्वतःहून सफाई नाही, तिला पाकीचा अर्थ नियतच देते.

वुजूतच मन लागत नाही, तर नमाजेत कसं लागणार?

प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. बहुतेकांची नमाज नळाजवळच बिघडते. नळ पूर्ण सोडलेला, एका हाताने मोबाइल खिशात सरकवणं, तीनऐवजी पाच वेळा हात धुणं, आणि टाच कोरडी. टाच कोरडी राहिलेल्यांना पैगंबरांनी (स.) सक्त ताकीद दिली होती, तरी आजही सर्वांत जास्त सुटणारी जागा तीच आहे. त्याखालोखाल कोपराची मागची बाजू आणि अंगठीखालची कातडी.

उपाय पाण्याच्या मापात आहे. पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करत, असं हजरत अनस (रजि.) सांगतात. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, साधारण पाऊण लिटरच्या आत; साअ म्हणजे चार मुद्द. एकदा एक लिटरची बाटली किंवा तांब्या घेऊन वुजू करून बघा. पाणी मोजकं असलं की हात आपोआप सावकाश चालतात, प्रत्येक बोट चोळावं लागतं, आणि आपण काय धुतोय हे कळतं. पाणीकपातीच्या दिवसांत याचा दुसराही उपयोग आहेच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुमा मशिदीत जुना हौज आहे. हौजाकाठी बसून ओंजळीने पाणी घेतलं की हाच सावकाशपणा येतो, वाहत्या नळाखाली तो येत नाही.

खुशू म्हणजे रडू येणं का?

नाही. रडू आलं तर चांगलंच आहे, पण ती खूण नव्हे. खुशू म्हणजे मन हजर असणं आणि त्यामुळे अंग शांत असणं. कुरआनात यशस्वी मोमिनांची पहिली ओळखच ही दिली आहे : जे आपल्या नमाजेत खुशू राखतात (२३:२). जिब्रील या फरिश्त्याच्या हदीसमध्ये एहसानची (इबादत उत्तम करण्याची) व्याख्या आहे : अल्लाहची इबादत अशी करा जणू तुम्ही त्याला पाहताय, आणि तुम्ही पाहत नसलात तरी तो तुम्हाला पाहतो.

इमाम गजालींनी नमाजेतल्या आतल्या अवस्था सहा सांगितल्या : मन हजर असणं, म्हणतोय ते समजणं, अदब, धाक, आशा, लाज. हा क्रम उपयोगाचा आहे. लोक थेट धाक आणि अश्रूंपासून सुरुवात करायला जातात आणि निराश होतात. पहिल्या दोन पायऱ्या प्रयत्नाने चढता येतात, पुढच्या त्यांच्यामागून येतात.

मग नमाजेत मन का भटकतं, आणि नेमकं काय करायचं?

कारणं बहुतेक नमाजेच्या बाहेरची असतात, म्हणून निम्मं काम तकबीरपूर्वी करायचं असतं.

भूक आणि लघवी-शौचाची घाई. जेवण समोर आलेलं असताना आणि हाजत दाबून धरून नमाज पढू नये, असं हदीसमध्ये साफ आहे. "जमात चुकेल" म्हणून कळ दाबून उभे राहणारे चार रकाती फक्त पोटाचा विचार करतात. मोकळे व्हा, पुन्हा वुजू करा, उरलेली जमात मिळेल ती घ्या.

समोरची दृश्यं. पैगंबरांनी (स.) नक्षीदार चादर परत पाठवून साधी मागवली होती, कारण नक्षीने नमाजेत लक्ष वेधलं. आपल्याकडच्या मखमली मुसल्ल्यांवर (नमाजेच्या आसनांवर) मीनार, कमानी, झुंबरं सगळं असतं. एक साधा एकरंगी मुसल्ला किंवा धुतलेली सुती चादर घेऊन आठवडाभर पढून बघा, फरक जाणवेल. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्हीसमोर उभं राहावंच लागत असेल तर टीव्ही बंद करून त्यावर कापड टाका. नजर कयाममध्ये (उभं असताना) सजद्याच्या (कपाळ टेकण्याच्या) जागेवर.

मोबाइल. व्हायब्रेटवर नको, बंद करा किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा. खिशातली थरथर शेजारच्यालाही कळते.

अर्धवट काम. डोक्यात घोळणारी गोष्ट कागदावर लिहून ठेवा. मन ती विसरण्याच्या भीतीनेच पुन्हा पुन्हा काढत असतं.

मग तकबीरपूर्वी तीस सेकंद नुसतं उभं राहा. पंख्याखाली घाम सुकू द्या, श्वास खाली येऊ द्या. लोकलमधून उतरून जिना चढून आलेला माणूस धापा टाकत "अल्लाहु अकबर" म्हणतो तेव्हा पहिली रकात श्वास सावरण्यात जाते. जमातीकडे धावत येऊ नका, शांतपणे या, हेही हदीसमध्येच आहे.

नमाजेत आल्यावर मन गेलं तर स्वतःवर चिडू नका. चिडणं हाही नमाजेबाहेरचाच विचार. जिथे लक्षात आलं त्या शब्दापासून पुढे अर्थाकडे या. दहा वेळा गेलं तर दहा वेळा आणा. माणूस नमाज संपवून उठतो आणि त्याच्यासाठी कधी दहावा हिस्सा, कधी नववा, कधी अर्धा हिस्सा लिहिला जातो, अशी हदीस अबू दाऊद या संग्रहात आहे. हिस्सा वाढवत न्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

अरबी येत नाही. अर्थाकडे लक्ष कसं द्यायचं?

सूरह फातिहापासून सुरुवात करा. दिवसाच्या फक्त फर्ज रकाती सतरा. म्हणजे सात आयतींचा अर्थ पाठ केला तर किमान सतरा वेळा तो कामी येतो. दुसऱ्या कुठल्याही पाठांतराचा एवढा मोबदला नाही.

एक हदीस-ए-कुदसी (अल्लाहचे शब्द सांगणारी हदीस) यासाठी फार मोलाची आहे, सही मुस्लिम या संग्रहात आहे. अल्लाह म्हणतो, मी नमाज माझ्यात आणि माझ्या बंद्यात निम्मी-निम्मी वाटली आहे. बंदा "अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन" म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, बंद्याने माझी स्तुती केली. "अर्रहमानिर्रहीम"वर म्हणतो, बंद्याने माझे गुण गायले. "मालिकि यौमिद्दीन"वर, बंद्याने माझा गौरव केला. "इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन"वर, हे माझ्या आणि बंद्याच्या दरम्यान आहे. आणि "इहदिनस्सिरातल मुस्तकीम"पासून शेवटपर्यंत, हे बंद्याचं, आणि त्याने मागितलं ते त्याला मिळेल.

आता हे लक्षात ठेवून पढताना प्रत्येक आयतीनंतर एक श्वास थांबा. सगळी फातिहा एका दमात ओढणाऱ्याला पंधरा सेकंद लागत असतील तर अशी पढायला पस्तीस-चाळीस लागतात. चार रकातींत दोन मिनिटांचाही फरक पडत नाही. "इय्याक"वर जरा जास्त थांबा : तिथे "तो"वरून एकदम "तू"वर येतो, स्तुती संपून समोरासमोर बोलणं सुरू होतं. "इय्याक"मधल्या यवर जोर आहे, तो सुटला तर अर्थाला धक्का लागतो, म्हणून हा शब्द एकदा जाणकाराकडून ऐकून दुरुस्त करून घ्या.

इमामामागे असताना हनफी मुक्तदी (मागे पढणारा) गप्प राहून ऐकतो, शाफई मुक्तदी स्वतःची फातिहा पढतो. गप्प राहणाऱ्यांनी जोहर-असरमध्ये, इमामाचा आवाज येत नसताना, मनातल्या मनात (जीभ न हलवता) अर्थावरून फिरावं. रिकामं मन आठव्या सेकंदाला ऑफिसात पोहोचतं.

घाईत पढलेली नमाज होते का?

किती घाई यावर आहे. एका माणसाने पैगंबरांसमोर (स.) भरभर नमाज पढली, तेव्हा त्याला तीनदा परत पाठवलं : "जा, पुन्हा पढ, तू नमाज पढलीच नाहीस." मग शिकवलं की रुकूत स्थिर हो, उठून सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, उठून नीट बस. हा स्थिरपणा शाफई मजहबात रुक्न (नमाजेचा मूळ घटक) आहे, सोडला तर नमाज बातिल (रद्द). हनफी मजहबात वाजिब (फर्जच्या खालोखाल जरुरीचा) : भुलून सुटला तर सजदा-ए-सहव (चुकीच्या भरपाईचे दोन सजदे), जाणूनबुजून सोडला तर नमाज पुन्हा पढावी.

किमान माप : सगळे सांधे जागेवर येऊन एकदा "सुब्हानल्लाह" म्हणता येईल इतका वेळ. नेहमी चुकणाऱ्या दोन जागा आहेत. रुकूनंतर पाठ पूर्ण सरळ न करता अर्ध्यातूनच खाली झुकणं, आणि दोन सजद्यांमध्ये नितंब टेकण्याआधीच परत जाणं. तराबीत (रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजेत) हे सर्रास होतं. तिसरी जागा पायांची : सजदा सात हाडांवर आहे, नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं. खूप जण बोटं जमिनीवरून उचलून ठेवतात. बोटं वाकवून किब्ल्याकडे वळवली की अंगही स्थिर होतं, मनही.

तसबीह (रुकू-सजद्यातली स्तुती) तीनदा म्हणायची असेल तर तीनदा पूर्ण म्हणा. "सुब्हान रब्बियल अजीम" यात तीन स्पष्ट शब्द आहेत. शेवटचा "अजीम" उठता उठता गिळला जातो.

किती रकाती झाल्या ते आठवत नाही.

शाफई : कमी संख्या धरा, उरलेली पूर्ण करा, सलामपूर्वी दोन सजदे करा. हनफी : असं क्वचितच होत असेल तर नव्याने पढा. वारंवार होत असेल तर मनाचा कौल जिकडे जास्त जातो तो धरा, कौल मिळत नसेल तर कमी संख्या धरा. सजदा-ए-सहव उजवीकडे एक सलाम फिरवल्यावर. नमाज संपल्यावर आलेल्या शंकेकडे लक्ष देऊ नका.

घरात मुलं अंगावर चढतात, गॅसवर काहीतरी असतं. गृहिणीने काय करावं?

पैगंबर (स.) नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढले आहेत. सजद्यात जाताना खाली ठेवायचे, उठताना उचलायचे. मूल रडताना ऐकलं तर त्याच्या आईचा विचार करून जमातीची नमाज आखूड करायचे. म्हणून मूल पाठीवर बसलं तर नमाज बिघडली असं अजिबात नाही. खुशू म्हणजे घरात शांतता असणं नव्हे.

दूध उतू जात असेल, भांडं करपत असेल तर हनफी फिक्हमध्ये नमाज तोडण्याची मुभा स्पष्ट दिलेली आहे. तोडा, गॅस बंद करा, नव्याने सुरू करा. पण कुकरच्या तीन शिट्ट्या मोजत चार रकाती पढण्यापेक्षा आधी गॅस बंद करणं बरं. वेळ सुरू होताच पढायची सवय असेल तर स्वयंपाकाशी टक्कर कमी होते.

ऑफिस आणि लोकलच्या वेळात नमाज कशी सांभाळायची?

दोन गोष्टी माहीत असल्या की धांदल निम्म्याने कमी होते : दिशा आणि वेळ.

मुंबईहून किब्ला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला, उत्तरेपासून सुमारे २८० अंशांवर. चर्चगेटहून विरारकडे जाताना तो डाव्या हाताला असतो. कॉन्फरन्स रूममध्ये रोज कंपास काढण्यापेक्षा एकदा बघून भिंत लक्षात ठेवा.

वेळेचा अंदाज चुकतो तो जोहरचा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर आहे, मुंबई ७३ च्या आसपास, त्यामुळे इथे सूर्य १२ वाजता माथ्यावर येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या सुमारास येतो, फेब्रुवारीत १२:५२ च्या. जेवणाची सुट्टी १२:३० ला सुरू होते म्हणून लगेच जोहर पढणाऱ्याची नमाज वर्षातल्या बऱ्याच दिवसांत वेळेआधी होते, म्हणजे होतच नाही. आधी जेवा, मग पढा. असरचा वेळ शाफई वेळापत्रकात हनफीपेक्षा साधारण पाऊण ते सव्वा तास आधी सुरू होतो, म्हणून मशिदीचं वेळापत्रक घेताना ते कोणत्या मजहबाचं आहे ते बघून घ्या.

मगरिब, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, सर्वांत नाजूक. सूर्यास्त नोव्हेंबरअखेर ६ च्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीला ७:२० च्या सुमारास. त्यानंतर साधारण सव्वा तासात वेळ संपतो. हिवाळ्यात ऑफिसातच पढून निघा. उन्हाळ्या-पावसाळ्यात लोकलमध्ये वेळ निघून जाईल असं दिसत असेल तर स्टेशनाजवळ मशीद असेल तिथे उतरा, पढा, पुढची गाडी पकडा. रोज उतरायचं स्टेशन एकच ठरवलं की ती सवय होते. दारात लटकून "घरी जाऊन पढू" म्हणणाऱ्याच्या मनावर जे ओझं राहतं, ते इशालाही सोबत येतं.

गावाला जाताना कसरची (प्रवासात नमाज आखूड करण्याची) नियत कधी?

हनफी : ठरलेलं अंतर (साधारण ७७-७८ किलोमीटर) ओलांडणाऱ्या प्रवासाला निघून वस्ती सोडली की फर्ज आपोआप चारऐवजी दोन. मुक्कामाचा बेत १५ दिवसांपेक्षा कमी असावा. शाफई : कसरची वेगळी नियत तकबीरच्या वेळीच हवी, आणि मुक्काम यायचा-जायचा दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी. गावात तुमचं घर अजून नांदतं असेल आणि तो तुमचा वतनच (कायमचं ठिकाण) असेल तर तिथे पोहोचल्यावर कसर नाही, फक्त वाटेत.

चारचौघांत इबादत करताना दिखावा होतोय असं वाटतं. सोडून देऊ का?

सोडू नका. जुन्या काळातले सूफी फुजैल बिन इयाज यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे : लोकांसाठी अमल सोडणं हा दिखावा, आणि लोकांसाठी अमल करणं हे शिर्क (अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार करणं). ऑफिसात सहकारी बघतात म्हणून फर्ज टाळायची नाही, आणि ते बघतात म्हणून सजदा लांबवायचाही नाही. घरी एकटे असताना जेवढा लांब असतो तेवढाच ठेवा. हीच मोजपट्टी.

सुरुवात अल्लाहसाठी झाली आणि मध्ये कुणीतरी आल्यावर मन सुखावलं, तर नमाज तुटत नाही. त्या विचाराला धरून आवाज सुधारू नका, एवढंच. लोकांनी नंतर स्तुती केली आणि बरं वाटलं, तर तोही दिखावा नव्हे.

आमच्या मते आज दिखाव्याची सर्वांत मोठी जागा मशीद नाही, फोन आहे. रमजानात राशन किट वाटतानाचे फोटो, त्यात घेणाऱ्या बाईचा चेहरा स्पष्ट. कुरआन म्हणतो, उपकार बोलून दाखवून आणि त्रास देऊन आपला सदका (दान) वाया घालवू नका (२:२६४). हिशोबासाठी फोटो लागत असेल तर पाकिटांच्या थप्पीचा काढा, माणसांचा नको. आणि रोज एक तरी इबादत अशी ठेवा जी घरच्यांनाही माहीत नाही : दोन रकाती, शंभर दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), एखाद्याच्या खात्यात गुपचूप भरलेली फी.

रोजाची नियत केव्हापर्यंत?

रमजानच्या रोजासाठी शाफई मजहबात प्रत्येक रात्री, सुब्ह-ए-सादिकपूर्वी (पहाट फुटण्यापूर्वी). हनफी मजहबात रात्री करणं उत्तम, पण राहून गेली आणि काही खाल्लं-प्यायलं नसेल, तर सुब्ह-ए-सादिक ते सूर्यास्त या वेळेच्या मध्यापूर्वीपर्यंत करता येते. उदाहरणार्थ सुब्ह-ए-सादिक ५:१० आणि मगरिब ६:५० असेल तर मध्य १२ वाजता येतो, त्याआधी. कजा (राहून गेलेल्या) रोजाची नियत मात्र दोन्हीकडे रात्रीच हवी.

उद्याचा रोजा म्हणून सहेरीला (पहाटेच्या जेवणाला) उठणं, हीच बहुतेकांची नियत असते. झोप लागून सहेरी चुकण्याची भीती असलेल्या शाफईने तराबीहून आल्यावरच मनात ठरवून झोपावं. नंतर रात्री खाल्लं-प्यायलं तरी ती नियत मोडत नाही. वेळापत्रकांवर छापलेलं "व बिसौमि गदिन नवैतु..." हे वाक्य हदीसमधलं नाही. म्हटलं नाही तर काही बिघडत नाही.

जकातीत (सक्तीच्या वार्षिक दानात) नियतेची चूक कुठे होते?

चार ठिकाणी.

आधी दिलेली मदत नंतर जकात म्हणून लिहिणं. गेल्या महिन्यात भाच्याच्या ऑपरेशनला दिलेले पैसे, खर्चही होऊन गेलेले, आज जकातीत धरता येत नाहीत. नियत देताना हवी, किंवा रक्कम बाजूला काढताना. म्हणून हिशोब झाला की रक्कम वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात टाका. मग प्रत्येक वेळी नियत करायची गरज नाही.

उधारी माफ करून ती जकात समजणं. चालत नाही. गरजू कर्जदाराला जकात हातात द्या, ती त्याची झाली, मग त्याने स्वतःहून कर्ज फेडलं तर हरकत नाही.

पगार किंवा बोनसच्या जागी जकात देणं. घरकाम करणाऱ्या बाईला ईदचा ठरलेला बोनस ही तिची कमाई आहे. जकात त्याव्यतिरिक्त, आणि ती हकदार असेल तर.

चौथी, वर्ष. जकात चांद्र वर्षाची आहे. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा (सोनं ८७.४८ ग्रॅम किंवा चांदी ६१२.३६ ग्रॅम), पार केलेल्या ४,००,००० रुपयांवर १०,००० रुपये, म्हणजे अडीच टक्के. मार्च ते मार्च हिशोब ठेवणाऱ्याने सुमारे २.५८ टक्के धरावं, नाहीतर दरवर्षी ११ दिवसांची जकात बुडते. बायकोच्या वापरातल्या दागिन्यांवर हनफी मतात जकात आहे, शाफई मतात रोजच्या रीतीतल्या वापराच्या दागिन्यांवर नाही.

घेणाऱ्याला "ही जकात आहे" असं सांगण्याची गरज नाही. ईदी म्हणून हातात ठेवा, नियत तुमच्या मनात असू द्या. स्वाभिमानी नातेवाइकांपर्यंत पोहोचायचा हाच रस्ता आहे.

कुर्बानीत वाटा घेताना इतरांची नियत आपल्याला लागू होते का?

हनफी मतात हो. सात वाट्यांच्या जनावरात एकानेही केवळ मटणासाठी वाटा घेतला तर सातही जणांची कुर्बानी होत नाही. शाफई मतात प्रत्येकाची आपापली. महाराष्ट्रात गोवंशहत्येवर बंदी असल्याने वाट्याची कुर्बानी इथे म्हैसवर्गीय जनावराचीच. त्यामुळे ओळखीच्या माणसांसोबत वाटा घ्या, किंवा एकट्याने बोकड. देवनारला स्वतः जाता येत नसेल तर कुणाला वकील नेमताना कुणाच्या नावाने ते स्पष्ट सांगा. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा, म्हणजे मनातलं अल्लाहचं भान (२२:३७). जनावराच्या किमतीची इमारतीत चर्चा सुरू झाली की ही आयत आठवावी.

उमराहला (मक्केच्या यात्रेला) विमानाने जाताना इहराम (यात्रेची बंधनं पाळण्याची अवस्था) कधी?

दोन पांढरी कापडं गुंडाळणं म्हणजे इहराम नव्हे. उमराहची नियत करून तल्बिया ("लब्बैक"ची हाक) म्हटली की इहराम सुरू होतो; शाफई मतात नुसत्या नियतेनेही. त्यामुळे गुस्ल आणि कापडं घरी किंवा मुंबई विमानतळावर, आणि नियत विमान उडाल्यावर, ही सोयीची रीत. आधीच नियत केली आणि उड्डाण सहा तास लांबलं, तर सुगंधी साबण, सुगंधी टिश्यू, पुरुषांना शिवलेले कपडे, सगळ्याचं बंधन तेवढा वेळ पाळावं लागतं. उशीर केला आणि झोप लागली, तर मीकात (इहरामाशिवाय ओलांडू नये अशी हद्द) मागे पडतो, आणि मग परत मीकातवर जाणं किंवा एक बकऱ्याचा दम (भरपाईची कुर्बानी). विमान स्थिर झालं की लगेच नियत करून मोकळे व्हा, घोषणेची वाट बघू नका.

वुजू पुन्हा पुन्हा, नमाज पुन्हा पुन्हा. हे थांबतच नाही.

हा वसवसा, म्हणजे सतत छळणारी शंका. दोन नियम पाठ करा. एक : खात्री शंकेने जात नाही. वुजू केल्याचं नक्की आठवतंय आणि तुटल्याची नुसती शंका आहे, तर वुजू आहे. आवाज किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नये, असं हदीसमध्येच आहे. लोकलच्या गर्दीतून आलेल्या शाफईला "कुणा परस्त्रीच्या त्वचेला हात लागला असेल का" असं वाटत राहतं. नक्की लागल्याचं ठाऊक असेल तर वुजू करा, नाहीतर नाही. दोन : तीनपेक्षा जास्त वेळा धुणं ही काळजी नव्हे, मर्यादा ओलांडणं आहे.

नमाजेत वसवसा आला तर हजरत उस्मान बिन अबिल आस (रजि.) यांना पैगंबरांनी (स.) शिकवलेला उपाय : अल्लाहची पनाह (आसरा) मागा आणि डावीकडे तीनदा हलकं थुंकल्यासारखं करा. ते म्हणतात, मी तसं केलं आणि तो गेला.

एवढं करूनही वुजूला अर्धा तास लागत असेल, कातडी सोलवटली असेल, नमाजेच्या भीतीने नमाजच टळत असेल, तर तो इमानाचा कमकुवतपणा समजू नका. हा उपचार असलेला आजार असू शकतो. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जाताना आठवडाभराची नोंद न्या : वुजूला रोज किती मिनिटं लागली, एक नमाज किती वेळा पुन्हा सुरू केली, कोणत्या वेळी जास्त होतं. डॉक्टर दुसऱ्या धर्माचे असले तर हेही सांगा की वुजूत प्रत्येक अवयव जास्तीत जास्त तीनदाच धुवायचा असतो. उपचाराची मर्यादा ठरवताना त्यांना हाच आकडा लागेल.